उपकेंद्राच्या सिस्टरांना आभारपत्र

आदरणीय सिस्टर,
सादर नमस्कार.

मुलगी आता बसू लागली आहे आणि गेल्या तपासणीत माझे रक्तातले पोटॅशियम (स्नायू आणि हृदयाला लागणारा क्षार) 3.8, म्हणजे ठीक आले, म्हणून राहून गेलेले हे पत्र आज लिहीत आहे.

सातव्या महिन्यात माझे पाय लुळे पडत चालले होते. पाटावरून उठायचे तर भिंत धरावी लागे. दिवस असताना अशक्तपणा यायचाच, असे घरीदारी सगळे म्हणत. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात ‘ताकदीसाठी’ ग्लुकोजचे सलाईन लावले, त्या रात्री तर मला कूसही बदलता येईना. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिवस होता, तिथे मला धरूनच आणले. आपण बीपी आणि हिमोग्लोबिन पाहिले; दोन्ही ठीक निघाले. तेवढ्यावर कार्डात नोंद करून मला घरी पाठवता आले असते, पण आपण आधाराविना उठून दाखवायला सांगितले आणि मला उठता आले नाही. उलट्या चौथ्या महिन्यातच थांबल्या, मग अंगातले क्षार जातात कुठे, असे आपण आशाताईंना विचारलेत. आणखी एक सलाईन लावून आणू म्हणणाऱ्या सासूबाईंवर न रागावता आपण त्यांना समजावले, की साखर अंगात गेली की इन्सुलिन वाढते आणि ते रक्तातले उरलेसुरले पोटॅशियम पेशींमध्ये ओढून नेते. त्यांना ते पटले, हे मला आजही नवलाचे वाटते.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोटॅशियम 2.1 निघाले, जे 3.5 च्या खाली नसावे. ईसीजीही बिघडलेला होता. गाडीत बसवताना आपण बजावले होते, “पोटॅशियमचे सलाईन हाताला झोंबेल, पण वेग वाढवा म्हणू नका, भरभर गेले तर हृदय बंद पडते.” हात खांद्यापर्यंत जळत असताना शेजारच्या खाटेवरच्या बाई कळवळून सलाईनचे चाक सैल करायला उठल्या, तेव्हा मी त्यांना थांबवू शकले ते त्यामुळेच.

लघवीच्या तपासणीत पोटॅशियम मूत्रपिंडांतून वाहून जात असल्याचे दिसले. रक्तात आम्ल साचलेले आणि सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना बारीक खडे होते. डॉक्टरांनी ‘डिस्टल रिनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस’, म्हणजे मूत्रपिंडांतल्या नलिकांना आम्ल नीट बाहेर टाकता न येण्याचा आजार, असे निदान केले. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिएटिनिन सुदैवाने शेवटपर्यंत ठीक राहिले. त्यावर दिलेले पोटॅशियम सायट्रेटचे सिरप चवीला वाईट आहे. शहाळे आणि केळी यांवर भागेल का, असे यांनी विचारले, तेव्हा ते जरूर द्या, पण सिरप बंद करू नका आणि जेवणानंतर पेलाभर पाण्यातूनच द्या, असे आपण सांगितलेत. बाळंतपणानंतरही तेच चालू आहे.

नुसते ग्लुकोजचे सलाईन देऊ नये, असे डॉक्टरांनी माझ्या फाईलवर लिहून दिले आहे. त्या पानाची झेरॉक्स आशाताईंकडे दिली आहे. ती कृपया उपकेंद्राच्या नोंदीत लावून घ्यावी.

आपली कृतज्ञ,
आपल्या उपकेंद्राची एक लाभार्थी माता