टॉवर नको, अर्ध्या मीटरची सळई पुरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हॅम रेडिओवर, म्हणजे परवाना काढून हौसेनं स्वतःच्या रेडिओ सेटवरून बोलण्याच्या छंदावर, पानभर लेख आला. या छंदाला मराठी वृत्तपत्रात एवढी जागा क्वचित मिळते, त्याबद्दल आधी आभार. पण लेखाखालच्या चौकटीत नव्या परवानाधारकांना ‘किमान दोन मीटर लांबीचा अँटेना आणि तो उभारायला टॉवर’ यांची तजवीज करायला सांगितलंय. शेजारी छायाचित्र आहे ते लोखंडी मनोऱ्यावरच्या तीन आडव्या दांड्यांच्या बीमचं, म्हणजे एका दिशेला रोखलेल्या अँटेनाचं. ते वाचून नुकतीच परीक्षा पास झालेली आमच्या भागातली पोरं माझ्याकडे आली. पहिला प्रश्न, “काकू, टॉवरला किती खर्च येतो?” एकाच्या वडिलांनी तर हा नाद श्रीमंतांचा म्हणून विषयच बंद केला होता. म्हणून हे पत्र.

दोन मीटर ही हॅमच्या एका बँडची, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्याची, तरंगलांबी आहे, अँटेनाची लांबी नव्हे. आपल्याकडे हौशी रेडिओला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा दिलेला आहे. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्यानं भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते; १४५ नं भागलं की दोन मीटर आणि वर थोडं येतं. साध्या उभ्या अँटेनाला याचा चौथा हिस्सा लागतो, आणि धातूत लांबी जरा कमी धरावी लागते. म्हणजे साधारण ४९ सेंटिमीटर. शाळेतल्या दोन फूटपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तरी याहून जास्त भरतात. छायाचित्रातला बीम माझ्या अंदाजानं १४ मेगाहर्ट्झचा असावा. त्याची एकेक दांडी दहा मीटरच्या आसपास असते. तो सुंदर अँटेना आहे, पण हातात पाच वॉटचा हँडी, म्हणजे वॉकीटॉकीसारखा सेट, घेऊन गावातल्या गावात बोलायला निघालेल्या मुलाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मी दूरध्वनी केंद्रात नोकरी केली, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तांब्याच्या जोड्या आणि डाग दिलेले सांधे यांत आयुष्य गेलं, त्यामुळे महाग डब्याला मी सहसा भुलत नाही. नवख्यानं पहिला अँटेना कुठला घ्यावा याला माझं उत्तर एकच आहे : घेऊ नये, करावा. क्वार्टर वेव्ह, म्हणजे पाव तरंगाचा, ग्राउंड प्लेन. मधे एक उभी सळई आणि खाली चारी दिशांना चार. गॅस वेल्डिंगवाले ब्रेझिंगला वापरतात ती पितळी सळई सांगलीच्या गणपती पेठेत हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिला पॅनलवर बसवायचं चौकोनी एसओ-२३९ सॉकेट लागतं, केबल त्यालाच जोडायची. मधल्या पिनेत उभी सळई सोल्डर करायची आणि चार कोपऱ्यांच्या भोकांना चार सळया स्क्रू-नटानं आवळायच्या. या चार, म्हणजे रेडियल, उभीपेक्षा थोड्या लांब ठेवाव्यात, ५२ सेंटिमीटरच्या आसपास. उभी सळईसुद्धा आधी सेंटिमीटरभर जास्तच ठेवायची आणि एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेना जुळला नाही तर किती शक्ती परत येते ते तो दाखवतो, एकास एक म्हणजे काहीच परत नाही) डोळा ठेवून निपरनं चिमूट चिमूट कापत यायचं. काही शे रुपयांत काम होतं.

रेडियल सरळ आडव्या ठेवल्या तर अँटेनाचा रोध बराच कमी येतो, आपली केबल मात्र ५० ओहमची असते. त्याच सळया ४५ अंशांत खाली वाकवल्या की आकडा ५० च्या जवळ जातो. ना जुळणीची कॉइल, ना ट्यूनर. वाकवायला पक्कड पुरते. मला या अँटेनात सर्वांत आवडतं ते हेच.

उभाच का, असंही एका मुलीनं विचारलं. हातातला हँडी आपण उभा धरतो, गाडीवरची काडी उभी असते, रिपीटरचा, म्हणजे आलेला सिग्नल उंचावरून पुन्हा पाठवणाऱ्या केंद्राचा, अँटेना उभा असतो. एक टोक उभं आणि दुसरं आडवं झालं की सिग्नल वीसेक डेसिबलनं पडू शकतो, म्हणजे शंभरातला एक भाग उरतो. शिवाय उभा अँटेना चहूकडे सारखं ऐकतो. मिरजेचा माणूस पूर्वेला आणि इस्लामपूरचा वायव्येला, म्हणून कुणी अँटेना वळवायची मोटर, रोटर, फिरवत बसत नाही.

राहिली उंची. व्हीएचएफची, म्हणजे या १४५ मेगाहर्ट्झसारखी, लहर बहुतेक सरळ जाते, त्यामुळे क्षितिजापर्यंतचा हिशेब सोपा आहे : मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले साधारण ४.१, उत्तर किलोमीटरमध्ये. चार मीटरवर आठ किलोमीटर, सोळा मीटरवर सोळा. दोन्ही टोकं सोळा मीटरवर असली तर तेहतीस. सांगली-मिरज त्यात आरामात बसतं, तासगावही बसतं. कोल्हापूरला रिपीटर किंवा मधला डोंगर शोधावा लागतो. म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी दोन मीटरचा पाइप लावला की टॉवरचं काम झालंच.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते केबलवर करावेत, आणि ही गोष्ट त्या लेखात यायला हवी होती. बाजारात स्वस्त मिळते ती बारीक आरजी-५८. गच्चीपासून खोलीपर्यंत ती पंधरा मीटर टाकली तर १४५ मेगाहर्ट्झवर जवळपास अर्धी शक्ती वाटेतच मुरते. पाच वॉटचे अडीच होतात. आणि ऐकतानाही तेवढाच तोटा, हे लोक विसरतात. जाड आरजी-२१३ टाकली तर पाचातले पावणेचारच्या आसपास वर पोचतात. ती महाग आहे, वळायला हट्टी आहे, खिडकीच्या फटीतून जात नाही, सगळं खरं. तरी तीच टाकावी. लोक सहा डेसिबल गेनचा (एका दिशेला जास्त जोर देणारा) लांबलचक फायबरचा पांढरा अँटेना आणतात आणि त्याला बारीक केबल जोडतात, ते मला बघवत नाही. त्या गेनबद्दलही एक सांगते. अँटेना शक्ती निर्माण करत नाही, वरची दाबून क्षितिजाकडे पाठवतो. सपाट मुलखात हे उत्तमच. पण पाटण-कोयनेच्या खोऱ्यात बसून डोंगरमाथ्यावरचा रिपीटर धरायचा असेल तर तीच चपटी लहर समोरच्या कड्यावर जाऊन आदळते. तिथे साधी पाव तरंगाची सळई चांगलं काम करते.

आता शॉर्टवेव्हकडे, कारण लेखात ‘व्हर्टिकल हा सर्व बँडना उत्तम’ असंही वाक्य आहे; व्हर्टिकल म्हणजे उभा अँटेना. इथे माझं मत अगदी वेगळं आहे.

७ मेगाहर्ट्झवर सकाळी महाराष्ट्रातली मंडळी एकमेकांशी बोलतात. पुणे, सांगली, नागपूर, फार तर हैदराबाद. या अंतरांना लहर उंच कोनात वर जाऊन आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, खाली यावी लागते. उभा अँटेना वरच्या दिशेला जवळपास मुका असतो, त्याचा जोर खालच्या कोनात आणि दूरवर. त्यामुळे दहा मीटर उंच दांडा उभारून कष्टानं रेडियल पसरलेला माणूस अंधार पडल्यावर युरोप ऐकतो आणि सकाळी पुणं त्याला धड ऐकू येत नाही. त्यातून एलईडी दिवे, इन्व्हर्टर, सोलरचे कंट्रोलर यांची घरघर उभ्या अँटेनात जास्त शिरते. या बँडला वीस मीटर तार मधोमध तोडून, टाकीच्या कोपऱ्यावरून उलट्या व्हीसारखी दोन्ही बाजूंना उतरवावी. खर्च त्याहूनही कमी.

याउलट २८ मेगाहर्ट्झवर उभा अँटेना मजा आणतो. लांबी फक्त अडीच मीटर, खाली तेवढ्याच तीन-चार तारा. सध्याचं पंचविसावं सौरचक्र (सूर्यावरचे डाग वाढण्या-घटण्याचं चक्र) २०२४ च्या सुमारास शिखरावर होतं आणि त्या काळात आमच्या गच्चीवरच्या ॲल्युमिनियमच्या नळीनं सकाळी जपान आणि दुपार कलल्यावर युरोप असा खुराक दिला. आता सूर्यावरचे डाग कमी होत जातील तसा हा बँड झोपत जाईल. नव्यांनी लवकर लाभ घ्यावा.

रेडियलच्या बाबतीत दोन टोकांचे सल्ले मिळतात. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन यांनी जमिनीत पुरलेल्या तारांचे प्रयोग करून निबंध लिहिला. त्यावरून प्रक्षेपण केंद्रांत १२० रेडियलची रीत पडली, आणि तो आकडा सांगून आपल्याकडे अजून नवख्यांना घाबरवलं जातं. तो हिशेब जमिनीवर उभ्या केलेल्या मनोऱ्याचा आहे. गच्चीवर, हवेत उचललेल्या पाव तरंगाच्या अँटेनाला दोन ते चार पुरतात. दुसरं टोक म्हणजे ‘रेडियलची गरज नाही’ असं छापलेले खोके. वीजप्रवाहाला परतीची वाट लागतेच. रेडियल दिल्या नाहीत तर तो केबलच्या बाहेरच्या जाळीवरून घरात उतरतो, मग शेजाऱ्यांचा टीव्ही खरखरतो आणि दारावरची बेल आपोआप वाजते. विक्रेता त्यावर मीटरचा काटा दाखवतो : बघा, एसडब्ल्यूआर एकास एक. डमी लोडचाही, म्हणजे चाचणीसाठी शक्ती नुसती उष्णतेत जिरवणाऱ्या रोधकाचाही, एसडब्ल्यूआर एकास एकच असतो, म्हणून त्यावरून जपान लागत नाही.

हे सगळं नुसत्या हौसेपुरतं असतं तर मी आपली जागा अडवली नसती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या भागात वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलही. त्या दिवसांत माझ्याकडे स्कूटरची १२ व्होल्टची बॅटरी, एक जुना सेट आणि गच्चीवर ही सळई एवढंच होतं. मिरजेतल्या एका हॅम मित्राशी त्यावर रोज ठरल्या वेळी बोलणं होई. कुणाची आई कुठे हलवली, कुणाची इन्सुलिन संपली, असे निरोप तो पुढे फोननं द्यायचा, कारण त्याच्याकडे फोन चालू होते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांचा हॅम गट पोर्ट ब्लेअरमध्येच होता आणि अंदमानातून बाहेर जाणारे कितीतरी निरोप त्यांच्या रेडिओवरून गेले. त्यांच्या कामाच्या शेजारी माझं नाव घेण्यासारखं नाही. पण दहा किलोमीटरवर एक निरोप पोचवायला टॉवर लागत नाही, हे मी स्वतः वापरून बघितलेलं आहे.

शेवटचा मुद्दा गृहनिर्माण संस्थांच्या कमिट्यांसाठी. हॅमचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेऊन देते. हॅमचा अँटेना म्हणजे मोबाइल टॉवर नव्हे, भाड्यानं दिलेली जागा नव्हे. गच्चीवर प्रत्येक फ्लॅटची एकेक डिश असते आणि तिच्याबद्दल कुणी सभा बोलावत नाही, पण अर्ध्या मीटरच्या सळईवर ‘रेडिएशन’ म्हणून ठराव होतात. माझ्या अनुभवात कमिटीची खरी भीती रेडिएशनची नसतेच, ती वॉटरप्रूफिंगची असते. गच्चीला भोक पडलं की पहिल्याच पावसात खालच्या फ्लॅटचं छत गळणार. तेव्हा मुलांनो, अर्ज करताना त्यात स्पष्ट लिहा : पाइप टाकीच्या कठड्याला क्लँपनं बांधणार, स्लॅबला एकही ड्रिल मारणार नाही. पाइपची अर्थिंग इमारतीच्या तडितरक्षकाला जोडणार आणि वळवाच्या दिवसांत सेटची केबल काढून ठेवणार. जवळून विजेची लाइन जात असेल तर पाइप पडला तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही इतका लांब उभा करणार. गच्चीचं काम निघालं तर स्वखर्चानं उतरवणार. कनेक्टरवर आधी रबरी टेप, तिच्यावर साधी इलेक्ट्रिकल टेप, आणि केबल खोलीत घेण्याआधी तिला खाली एक झोळ, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. हा भाग अर्जात नको, पण विसरू नका. आमच्या इमारतीत असा अर्ज एका बैठकीत मंजूर झाला.

दोन मीटर आणि अर्धा मीटर यांची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती. छायाचित्र बदलता आलं तर आणखी बरं. ग्राउंड प्लेनचा फोटो हवा असेल तर पाठवते. दिसायला तो छत्रीच्या काड्यांपेक्षा फार वेगळा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आपली,
एक वाचक आणि परवानाधारक हॅम
विश्रामबाग, सांगली