सिंगापूर फार लांब आहे

माणगाव,
२७ जुलै

प्रिय सुध्या,

आधी शिव्या घालून घे, मग पुढं वाच. सात महिने फोन नाही, काकूंच्या वर्षश्राद्धाला आलो नाही, तुझ्या मेसेजना नुसता अंगठा दाखवत राहिलो. सगळं कबूल. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघा आहे तसाच आहे, तब्येतीचा विषय संपला.

फोन मुद्दामच केला नाही. तू पहिल्याच मिनिटाला हसला असतास आणि मी फोन आपटला असता. कागदावर तुझं हसू मला ऐकू येत नाही.

तर ऐक. १९८४ साली, शाळेच्या टाकीमागं, तू म्हणाला होतास ते खरं होतं.

आठवलं ना? नववीतली वक्तृत्व स्पर्धा. ‘माझे आजोबा आणि आझाद हिंद सेना’. मी पहिला, तू दुसरा, आणि तुझा विषय ‘पाण्याचे महत्त्व’ होता, हे मी अजून कुणाकुणाला सांगतो. स्पर्धेनंतर मी डबीतून आबांचं पदक आणलं होतं मिरवायला. तू ते हातात घेऊन उलटसुलट केलंस आणि म्हणालास, ‘विन्या, ह्याच्यावर तर राजाचा मुकुट आहे. नेताजी मुकुट कशाला देतील?’ मी म्हटलं, तुला काय कळतंय. तू म्हणालास, ‘म्हणजे तुझे आबा इंग्रजांचेच नोकर.’ पुढचं तुझ्या भुवईवर अजून आहे.

पदक आफ्रिका स्टार होतं, सुध्या. सहा टोकांचा तारा, मधे सहाव्या जॉर्जची अक्षरं, वर मुकुट. सरळ समोर होतं. तू पाहिलंस, मी चाळीस वर्षं पाहिलं नाही.

हे सगळं निघालं कमानीवरून. ग्रामपंचायत गावाच्या तोंडाशी कमान बांधतेय, आबांच्या नावानं. पंधरा ऑगस्टला उद्घाटन. सरपंचानं (बंड्याचा धाकटा, हो, तोच शेंबडा) मला विचारलं, ‘काका, आबांची जरा माहिती द्या, शिळेवर चार ओळी कोरू.’ मी म्हटलं देतो. म्हटलं, आता नीटच शोधू. झक मारली.

पहिल्यांदा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधलं. तिथं आबांच्या नावाची माणसं निघाली, पण ती सगळी मेलेली. त्या यादीत फक्त युद्धात गेलेलेच असतात. अविभाजित हिंदुस्थानचे सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास गेले, त्यातले आपल्या भागातले किती, वाचता वाचता रात्र झाली. यशवंतराव घाडगे सापडले. तहसीलजवळच्या त्यांच्या पुतळ्यापाशी आपण एसटीची वाट बघत किती वेळा भेळ खाल्ली, आणि इटलीत कासिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. १० जुलै १९४४ ला गेले, वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस घ्यायला त्यांची बायको गेली. आबा मात्र जिवंत परतले, हीच माझी अडचण.

परतलेल्याची माहिती रेजिमेंटच्या अभिलेखात, म्हणजे मराठा असल्यामुळं बेळगावला. आणि तिथं नंबर लागतो. नाव-गावाला कोण विचारतो, एका नावाचे पन्नास शिपाई. नंबर कुठून आणू? कागद सगळे वाळवीनं खाल्लेले. शेवटी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तीच रे, आपली स्टंपाची ट्रंक. धूळ पुसली तर झाकणाच्या आतून पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. तुझ्या बोलिंगनं बाहेरून पोचे पडले होते, आतला नंबर शाबूत होता.

उत्तर आलं तेव्हा आप्पा झोपले होते. अर्धं पान. भरती १९४०. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, दुसरी बटालियन. २१ जून १९४२, तोब्रुक, युद्धकैदी. इटली. डिसेंबर १९४३ मध्ये आपल्या फौजेकडे परत. १९४६ ला सेवामुक्त, वर्तणूक अनुकरणीय.

बस. कुठं सिंगापूर आणि कुठं काय.

मी लगेच हार मानली नाही, वकिली केली. जर्मनीतही आझाद हिंदची पलटण होती ना! आफ्रिकेत पकडलेल्या आपल्याच शिपायांतून उभी केलेली, दंडावर झेप घेणारा वाघ. आबा तोब्रुकला पकडले गेले, म्हणजे माणूस अगदी त्याच ढिगातला. दोन रात्री मी आनंदात होतो. पण जर्मनीत गेलेला माणूस डिसेंबर १९४३ मध्ये इटलीत इंग्रजांकडे चालत कसा येईल? आणि आझाद हिंदवाल्यांची लढाईनंतर काळे, करडे, पांढरे अशी वर्गवारी झाली, काळ्यांना तर बडतर्फच केलं. त्यांना ‘अनुकरणीय’ कोण लिहून देतो?

मग काय झालं असेल, ते आता मी जुळवत बसतो. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं शस्त्रं खाली ठेवली. छावण्यांवरचे पहारेकरी पळाले, जर्मन यायच्या आत कैदी डोंगरात शिरले. अवेत्सानोची छावणी आपल्या लोकांची होती, तिथले कितीतरी शेतकऱ्यांनी लपवले. लपवणाऱ्याला जर्मन गोळी घालत, तरी लपवले. त्याच हिवाळ्यात आठवी हिंदी डिव्हिजन सांग्रो नदीशी पोचली होती, तिच्यात मराठ्यांची पहिली बटालियन. सप्टेंबर ते डिसेंबर, तीन महिने, कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या माळ्यावर, आणि शेवटी बर्फातून चालत जाऊन कानावर मराठी शिवी पडली असेल तेव्हा आबांना काय वाटलं असेल? ही माझी कल्पना आहे, कागदावर यातलं एक अक्षर नाही.

पण एक सांग. आबा भाकरीला ‘पाने’ म्हणायचे, आठवतं? ‘पाने आण ग.’ आजी चिडायची, म्हणायची विडा खायचाय का. आपण दोघांनी एकदा त्यांना खरोखर पिंपळाची पानं आणून दिली होती. इटालियनमध्ये पावाला पाने म्हणतात, सुध्या.

आता माझं खरं दुखणं. आबा खोटं कधी बोलले? मी आठवून आठवून दमलो. एक वाक्य सापडत नाही. नेताजींचा फोटो आजीच्या भावानं आणून लावला. गोष्ट शाळेत गुरुजींनी चालू केली, आप्पांनी वाढवली, सिंगापूर मी घातलं, कारण भाषणात बरं वाटत होतं. आबा नुसते गप्प राहिले. स्पर्धेच्या दिवशी पहिल्या रांगेत होते. रात्री म्हणाले, ‘सिंगापूर कुठं आलं रे?’ मी ऐटीत नकाशा उघडून दाखवलं. त्यांनी माझं बोट धरून डावीकडं नेलं, पार समुद्र ओलांडून, आणि म्हणाले, ‘हे फार लांब आहे.’ मला वाटलं, नजर कमी झालीय.

आणि बहात्तरचा तो फॉर्म! स्वातंत्र्यसैनिकांचं पेन्शन सुरू झालं तेव्हा आप्पांनी आणून भरला, आबांनी सही केली नाही. आमच्या घरात ही गोष्ट गीतेसारखी सांगतात. ‘देशसेवेचे पैसे घेणार नाही म्हणाले.’ आता मी आजीची आठवण पक्की धरून सांगतो, ते एवढंच म्हणाले होते, ‘हे माझं नाही.’ आम्ही त्यालाच त्याग म्हणत आलो.

आप्पा अठ्ठ्याहत्तरचे. रोज संध्याकाळी कमानीपर्यंत जाऊन येतात, सिमेंट वाळलं का बघतात. त्यांना काय सांगू? सांगितलं नाही तर पंधरा ऑगस्टला मी माइकवर उभा राहून पुन्हा नववीतलं भाषण करणार का? कधी वाटतं, काय बिघडतंय, गावोगावी काय काय कोरलेलं आहे. मग वाटतं, ज्या माणसानं तीन महिने परक्या गोठ्यात काढले, त्याच्या वाट्याचं एवढं खरं असताना त्याला दुसऱ्याचं का चिकटवायचं? आणि मग तुझं वाक्य. इंग्रजांचे नोकर. पोटासाठी गेले होते, नोकरच होते, त्यात खोटं काय. मला तेव्हा ते झोंबलं आणि आजही थोडं झोंबतं, हे तुला सोडून कुणाला सांगू?

सायलीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद. वहिनींच्या ऑपरेशनचं काय झालं? घराचं काम संपव एकदाचं.

तू १४ तारखेला ये. उद्घाटनासाठी नको, आदल्या संध्याकाळी आप्पांबरोबर कमानीपर्यंत चालायला ये. तुझं ते ऐकतात, माझ्यापेक्षा जास्त. मी काल पेंटरला सांगितलंय, नाव रंगव, नावाच्या वरची ओळ तूर्त कोरी सोड. सरपंच रोज विचारतो.

तुझा,
विन्या

ता. क. पदकाची फीत त्या दिवशी टाकीमागं तुटली ती परत मिळाली नाही. वाळूच्या रंगाची, मधे लाल पट्टा. तुझ्या कंपासपेटीत असायची असा मला चाळीस वर्षं संशय आहे. असली तर घेऊन ये, मारणार नाही.