आधी फोटो, मग फरशी

ती. आई आणि बाबांना सा. न.

काल फोनवर बोलताना जाणवलं, पाइप फुटला त्याहून विम्याच्या कागदपत्रांचीच तुम्हाला जास्त धास्ती आहे. फोनवर सगळं सांगून होत नाही. बाबा, तुम्ही मध्येच "हो हो, कळलं" म्हणून फोन आईकडे देता. म्हणून लिहूनच पाठवते आहे. चष्मा लावून सावकाश वाचा.

आई, आधी तुला. खोली आवरायला घेऊ नकोस. ओली गादी तुझ्या नजरेला खुपणार, पण नुकसान तपासायला विमा कंपनी पाठवते तो सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत काहीही टाकायचं नाही. फुगलेलं कपाट नाही, भिजलेली पुस्तकं नाहीत, आणि प्लंबरने कापून काढलेला पाइपचा तुकडा तर अजिबात नाही. तो पिशवीत घालून वर ठेव. पाणी कुठून आलं याचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. तो नसला की प्रश्न येतात आणि फाइल उत्तराची वाट बघत पडून राहते.

म्हणजे पाण्यात बसून राहा असं नाही हं. नुकसान वाढू न देणं ही आपली जबाबदारी असते, बहुतेक पॉलिसींत तशी अटच असते. मेन व्हॉल्व्ह तुम्ही बंद केला, तात्पुरता जोड मारून घेतला, छान केलंत. त्याचं बिल तारखेसकट घ्या, तो खर्चही क्लेममध्ये मागता येतो. आता खोलीतलं पाणी काढा, पंखे लावा, पण त्याआधी फोटो. दारातून पूर्ण खोली, मग एकेक भिंत, मग जवळून. पाणी जिथवर चढलं तिथे डागाची रेघ उमटली असेल, तिच्याशेजारी मोजपट्टी उभी धरून एक काढा. बंद पडलेल्या टीव्हीच्या मागे मॉडेल नंबरची पट्टी असते, तिचाही घ्या. आणि हे फोटो व्हॉट्सॲपवर मला पाठवून मोकळे होऊ नका. तिथून आलेल्या फोटोत काढल्याची वेळ आणि तारीख उरत नाही. मूळ फोटो तुमच्या फोनमध्येच असू द्या.

बाबा, आता तुमच्याशी बोलते, कारण मला खरी काळजी इथे आहे. काल तुम्ही म्हणालात, "तसं बरेच दिवस ओल होतीच." हे वाक्य तुम्ही कंपनीच्या माणसाला सांगितलंत तर? घराच्या विम्यात अचानक फुटलेल्या पाइपच्या पाण्याचं नुकसान साधारणपणे धरतात. हळूहळू मुरणारी ओल, गळती, देखभालीअभावी झालेलं नुकसान बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. तुमची ओल आहे स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला, फुटला तो बाथरूमचा पाइप. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण तुम्ही दोन्ही एका दमात सांगितलंत, की कारण तपासायला आणखी कोणी तज्ज्ञ येणार आणि तोवर सगळं अडून राहणार.

लपवाछपवी करा असं मी म्हणत नाही. कोणी विचारलं तर स्वयंपाकघराची ओल जुनी आहे आणि ती या क्लेममध्ये नाही, असं सरळ सांगा. ती भिंत यादीत घालायचा मोहही नको. रंगवून घेता येईल हे खरं, पण तेवढ्यासाठी बाकीच्या खऱ्या नुकसानावर संशय ओढवून घ्याल. काय झालं, किती वाजता लक्षात आलं, व्हॉल्व्ह कधी बंद केला, हे एका कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक वेळी तेच सांगा. फोनवर एक, फॉर्मवर दुसरं आणि सर्व्हेअरसमोर तिसरं असं झालं की तुम्ही खरं बोलत असूनही खुलासे मागवतात.

वस्तूंची यादी मी टाइप करून देते, तुम्ही फक्त सांगा: वस्तू, साधारण कोणत्या साली घेतली, तेव्हा काय पडली. जुन्या कपाटाला नव्याची किंमत लावू नका. पॉलिसी 'जुन्याच्या बदली नवं' अशी नसेल तर घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, कापूनच देतात, आणि मग त्यावरून पत्रापत्री होते. बिलं सापडत नसतील तर घाबरू नका. कार्डाने घेतलं असेल तर बँकेच्या स्टेटमेंटवर नोंद असते, घरातल्या जुन्या फोटोंत ती वस्तू मागे दिसते, वॉरंटी कार्ड असतं. काही ना काही निघतंच.

कंत्राटदाराकडून 'दुरुस्ती व रंगकाम, एकूण इतके' अशी एका ओळीची चिठ्ठी घेऊ नका. तिच्यावरून सर्व्हेअरला काही ठरवता येत नाही, तो परत पाठवतो. कुठली भिंत, किती क्षेत्रफळ, प्लॅस्टर किती, रंग किती, दर काय, मजुरी वेगळी, असं लिहून मागा. तो कुरकुरेल, कुरकुरू दे.

विम्याची रक्कमही पाहून ठेवू. घर पुन्हा बांधायला १०० लागणार असतील आणि विमा ६० चाच असेल, तर पुष्कळ पॉलिसींत २० च्या नुकसानाला १२ च हातात येतात. बांधायचा खर्च म्हणजे बाजारभाव नव्हे बरं का बाबा, त्यात जागेची किंमत नसते. शिवाय ठरावीक वजावट आपल्या खिशातूनच असते. हे आधी माहीत असलं की आकडा बघून तुम्ही वैतागणार नाही.

दोन बारीक गोष्टी. पॉलिसीवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का पाहा, पैसे मंजूर होऊनही इथे अडकतात. आणि कर्ज फिटलं असलं तरी पॉलिसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव अजून असेल, तर फिटल्याचं पत्र आत्ताच शोधून ठेवा.

कंपनीशी जे बोलणं होईल ते त्याच दिवशी ईमेलने कळवायचं, वर क्लेम नंबर घालून. ते मी करेन, मात्र फोन आला की कोण बोललं आणि काय मागितलं हे आई, तू वहीत लिहून ठेव. बाबांच्या लक्षात राहत नाही. रक्कम देताना 'संपूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या कागदावर सही मागतील. मला दाखवल्याशिवाय ती करू नका, मागाहून भिंतीत आणखी काही निघालं तर तोच कागद पुढे करतात.

पॉलिसीचं पहिलं पान आणि अटींची सगळी पानं आजच फोटो काढून पाठवा, हे मात्र व्हॉट्सॲपवर चालेल. सर्व्हेअरची वेळ ठरली की लगेच कळवा, मी तेवढा वेळ व्हिडिओ कॉलवर असेन. आणि आई, ओल्या फरशीवरून जाताना जपून.

तुमची,
लेक