किंडरडाइकऐवजी भलतीकडे नेल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: रविवार, 18 मे 2025 रोजीची ‘किंडरडाइक व डेल्फ्ट’ एकदिवसीय सहल

महोदय,

आपल्या पुणे कार्यालयात पूर्ण रक्कम आगाऊ भरून मी व माझ्या पत्नीने ॲम्स्टरडॅमहून निघणारी वरील सहल आरक्षित केली होती. बस सुटल्यावर मार्गदर्शकाने किंडरडाइक या नेदरलँड्समधील पवनचक्क्यांच्या गावाचा रस्ता बंद असल्याने आपण झान्स स्खान्स या पवनचक्क्यांच्याच दुसऱ्या ठिकाणी जात आहोत, असे जाहीर केले. मी हरकत घेतली, तेव्हा ‘काका, पवनचक्क्याच बघायच्या ना, त्या तिथेही आहेत,’ असे उत्तर मिळाले.

मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षे नोकरी केली असून, किंडरडाइकसाठीच ही सहल निवडली होती. तेथील 19 पवनचक्क्या, ज्यांतल्या बहुतेक 1738 ते 1740 या काळातल्या आहेत, खोलगट जमिनीतले पाणी उपसून वरच्या साठ्यात चढवण्यासाठी बांधल्या गेल्या, आणि त्या जलव्यवस्थेमुळेच 1997 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा मानले. झान्स स्खान्सच्या चक्क्या लाकूड कापणाऱ्या, तेल गाळणाऱ्या, रंग दळणाऱ्या. शिवाय त्यांतल्या बऱ्याच अन्यत्रून आणून तेथे उभ्या केलेल्या आहेत. त्या पाहण्यासारख्या नाहीत असे मी म्हणत नाही. रंगाच्या चक्कीत अजस्र दगडाखाली होणारी निळी पूड आम्ही कौतुकाने पाहिली, आणि पत्नीच्या शालीवरचा तिचा डाग अद्याप पुरता गेलेला नाही. परंतु पैसे आम्ही त्यासाठी भरले नव्हते.

त्याच संध्याकाळी हॉटेलात भेटलेले एक जोडपे रॉटरडॅमहून वॉटरबसने किंडरडाइकला जाऊन आले होते. रस्ता खरोखरच बंद असेल, तर हा जलमार्ग आपल्याला का सुचला नाही?

डेल्फ्टलाही निराशाच झाली. आपल्या छापील कार्यक्रमात न्यूवे केर्क या चर्चमधील, डच स्वातंत्र्यलढ्याचे नेते विल्यम ऑफ ऑरेंज यांच्या समाधीचे दर्शन नमूद आहे. हे चर्च रविवारी पर्यटकांना बंद असते. त्यामुळे ज्यांच्या हत्येने 1584 साली हे शहर इतिहासात कोरले गेले, त्यांच्या समाधीऐवजी आम्ही बंद दरवाजा पाहिला. रविवारची सहल विकताना एवढी चौकशी करणे आपले काम होते.

तरी दोघांची संपूर्ण रक्कम परत करावी आणि स्थळ बदलण्याचा निर्णय कोणी व केव्हा घेतला, याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत द्यावा. अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपला,
एक ग्राहक

सोबत: पावती व छापील कार्यक्रमाची प्रत