अंतराळात हृदयाला आराम नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या विज्ञान पुरवणीत 'वजन नसल्याने अंतराळवीरांच्या हृदयाला आराम मिळतो' असे छापले आहे. हे चूक आहे आणि घातकही. तिथे पायांतले रक्त छाती-डोक्याकडे सरकते, शरीराला पाणी जास्त झाल्यासारखे वाटते, मग रक्तातला द्रव घटतो आणि काम कमी झालेले हृदय अशक्त होत जाते. ठोक्यांच्या लयीबद्दल तर लेखात चकार शब्द नाही! १९७१ साली अपोलो १५ या चांद्रमोहिमेतले अंतराळवीर जेम्स अर्विन यांचे ठोके अनियमित झालेले ह्यूस्टनच्या डॉक्टरांना इथे पृथ्वीवर बसून दिसले. ठोक्यांची लय राखायला लागणारे पोटॅशियम कमी पडल्याचा संशय आला आणि अपोलो १६ च्या वीरांना पोटॅशियम घातलेला संत्र्याचा रस दिला गेला. अर्विन यांना पुढे हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा सगळा दोष पोटॅशियमचा नसेलही. पण १९८७ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सांद्र लावेइकिन यांना मीर अंतराळ स्थानकावरून मुदतीआधी परत आणले, तेही ईसीजीतल्या अनियमिततेमुळेच.

इतके तळमळून लिहिते आहे, कारण माझी आई यातून गेली. खुब्याचे हाड मोडून ती अंथरुणाला खिळली, त्यात लघवी होण्याच्या गोळ्या चालू, ज्यांनी पोटॅशियमही लघवीवाटे जाऊ शकते. "मधेच ठोका चुकतो गं, छातीत धस्स होतं," असे ती रोज सांगायची. इथल्या एका मोठ्या रुग्णालयात ईसीजीची पट्टी काढली आणि "नॉर्मल आहे आजी, वय झालं, पडून राहा" म्हणून घरी पाठवले. काही सेकंदांच्या पट्टीत चुकणारा ठोका सापडतोच असे नाही, हे डॉक्टरांना ठाऊक नसते? दुसऱ्या डॉक्टरांनी चोवीस तास ठोके नोंदवणारा होल्टर (अंगावर बाळगायचे छोटे ईसीजी यंत्र) लावला, रक्त तपासले, तेव्हा ठोके चुकताना सापडले आणि पोटॅशियम खाली गेलेले निघाले.

वजनहीनतेचा अभ्यास करायला निरोगी माणसांना डोके ६ अंश खाली ठेवून आठवडेच्या आठवडे पलंगावर निजवतात, एवढे अंतराळात राहणे आणि अंथरुणाला खिळणे यांत साम्य आहे. घरोघरी अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत. त्यांच्या घरचे तुमचा लेख वाचून निश्चिंत होतील, म्हणून दुरुस्ती छापा, आणि कोपऱ्यात नको.

शिवाय गडद निळ्यावर काळी बारीक अक्षरे छापणे कृपया बंद करा. या पुरवणीचे निम्मे वाचक माझ्या वयाचे असतील. आम्हाला ती दिसत नाहीत.

आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे