गळतीआधीची कामे दाखवून देणाऱ्या प्लंबरकाकांना खुले आभारपत्र

आदरणीय प्लंबरकाका,

सप्रेम नमस्कार.

न्हाणीघरालगतच्या भिंतीला आलेल्या ओलीचे कारण शोधण्यासाठी तुम्हांला बोलावले होते. ते काम तुम्ही केलेच. पण ते संपल्यावर घरातील पाण्याची सगळी व्यवस्था, मुख्य व्हॉल्व्हपासून शेवटच्या नळापर्यंत, माझ्याबरोबर फिरून पाहिलीत आणि कोणत्या जागी, कोणत्या ऋतूत, कशामुळे गळती सुरू होऊ शकते हे समजावून दिलेत. त्या वेळेचा मोबदला तुम्ही घेतला नाहीत, म्हणून आभार निदान चारचौघांत मानावेत, असे वाटले. शिवाय तुम्ही सांगितलेले बहुतेक सारे कोणाच्याही घराला लागू पडणारे असल्याने हे पत्र खुले ठेवले आहे.

पहिले आभार फरशी न फोडल्याबद्दल. ओल दिसताच छिन्नी-हातोडा काढण्याची घाई पुष्कळांना असते. तुम्ही आधी घरातील सर्व नळ बंद करायला लावलेत, मीटरवरचा आकडा टिपलात आणि पाणी न वापरता तासभर थांबायला सांगितलेत. आकडा हलला नाही, म्हणजे सतत दाबाखाली असणाऱ्या पुरवठ्याच्या पाइपात दोष नव्हता. पुरवठ्याचा पाइप गळू लागला तर अहोरात्र गळतो, सांडपाण्याचा मात्र वापर झाल्यावरच गळतो. त्यामुळे ‘ओल आंघोळीनंतर वाढते की दिवसभर सारखीच असते?’ या तुमच्या साध्या प्रश्नानेच निम्मा शोध लागला होता. मग न्हाणीघरातील सांडपाण्याच्या जाळीचे तोंड घट्ट बंद करून जमिनीवर बोटभर पाणी साठवून ठेवलेत आणि भिंत पुन्हा ओलावू लागली, तेव्हा दोष सांडपाण्याच्या पाइपात नसून फरशीच्या सांध्यांत व जमीन जिथे भिंतीला मिळते त्या कोपऱ्यात आहे, हे ठरले. तेवढाच भाग खरवडून नव्याने भरावा लागला. ज्यांच्या घरी उंचावर टाकी आहे त्यांच्यासाठी तुम्ही दिलेली पुस्तीही येथे नोंदवतो: मीटर टाकीच्या अलीकडे असल्यास तो टाकीच्या पुढची गळती दाखवत नाही, अशा वेळी टाकीत येणारे पाणी बंद करून रात्री पातळीवर खूण करावी आणि कोणी पाणी वापरण्यापूर्वी सकाळी ती पाहावी.

शौचालयाच्या फ्लश टाकीची तपासणी याहून सोपी निघाली. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबायचे; रंग खालच्या भांड्यात उतरला तर तळाचे रबरी झाकण झिजले आहे, असे समजायचे. ही गळती आवाज न करता आणि कोठेही ओल न दाखवता चालते, त्यामुळे ती मुद्दाम शोधल्याखेरीज सापडत नाही. ठिबकणाऱ्या नळाबद्दल ‘थेंबच तर आहे’ असे म्हणणाऱ्यांसाठी तुम्ही सुचवलेला उपाय मला विशेष आवडला: नळाखाली मोजपात्र ठेवून तासाभराचे पाणी मोजावे आणि त्याला 24 ने गुणावे. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब होतात, हे ऐकून जे पटत नाही ते भरलेले पात्र पाहून पटते.

तुमच्या बोलण्यातील सर्वांत मोलाचा भाग मात्र दाबाविषयीचा होता. जोड जुना झाला म्हणून गळतो, अशीच माझी समजूत होती. जोडाचे आयुष्य त्याच्यावर रोज किती ताण येतो यावरही ठरते, हे तुम्ही आकड्यांनिशी दाखवलेत. नळापेक्षा पाण्याची पातळी 10 मीटर उंच असेल तर सुमारे 1 बार (बार हे दाबाचे एकक) दाब मिळतो. पंपाने किंवा थेट जलवाहिनीतून पाणी येत असेल तर दाब याच्या कितीतरी पट असू शकतो, आणि रात्री आजूबाजूचा वापर थांबल्यावर तो आणखी चढतो. म्हणून दाबमापक नळाला लावून रात्रीही एकदा वाचून पाहावा, असे तुम्ही सांगितलेत. घरगुती जोडण्यांना साधारण 3 ते 4 बार मानवतो. 5.5 बारच्या पुढे दाब जात असेल तर तो कमी करणारा व्हॉल्व्ह मुख्य पाइपावर बसवल्याशिवाय नुसते वायसर बदलत राहण्यात अर्थ नाही, हे तुमचे म्हणणे मी अनेकांना ऐकवले आहे. दाब वाढला की धार जोरात येते आणि घरचे खूश होतात, त्यामुळे या दोषाची तक्रार सहसा कोणी करत नाही, हेही खरेच.

याच्याच जोडीला तुम्ही पाइपात बसणाऱ्या ठोक्याकडे लक्ष वेधलेत. कपडे धुण्याच्या यंत्राचा झडपेचा भाग किंवा पाव वळणात बंद होणारा नळ क्षणात मिटतो, तेव्हा धावते पाणी एकाएकी अडते आणि भिंतीतून ‘धप्’ असा आवाज येतो. तुम्ही गेल्यानंतर मी याविषयी थोडे वाचले. निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1898 मध्ये या ठोक्याचे गणित मांडले होते. त्यानुसार धातूच्या पाइपातून सेकंदाला 1 मीटर वेगाने जाणारे पाणी एकदम थांबवले तर क्षणभर दाब 10 बारपेक्षाही अधिक वाढू शकतो. दिवसातून अनेकदा असा ठोसा बसणाऱ्या जोडाने किती काळ तग धरावा? नळ सावकाश बंद करणे, सैल झालेले पाइप क्लॅम्पने पक्के धरणे आणि आवश्यक तेथे ठोका शोषणारी हवेची कुपी बसवणे, हे तीनही उपाय तुम्ही त्याच क्रमाने सांगितलेत, म्हणजे फुकटचा उपाय आधी आणि खर्चाचा शेवटी. हा क्रम पाळणारे कारागीर फार भेटत नाहीत.

वर्षभराच्या कामांची विभागणी तुम्ही ऋतूंना बांधून दिलीत, त्यामुळे ती लक्षात राहिली. उन्हाळ्यात पाहायचे ते बाहेरचे प्लास्टिकचे पाइप. पीव्हीसी सतत उन्हात राहिल्यास अतिनील किरणांनी ठिसूळ होते आणि मग किरकोळ धक्क्यानेही तडकते. त्यावर फिकट रंगाचा, पाण्यात मिसळणारा रंग द्यावा किंवा आच्छादन घालावे. उष्णतेने पाइप लांबतो, हे शाळेत शिकलो होतो, पण किती लांबतो याचा अंदाज नव्हता. गरम पाण्यासाठी वापरतात त्या सीपीव्हीसी प्लास्टिकचा 10 मीटर लांबीचा पाइप 20 अंशांवरून 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापला तर जवळजवळ 25 मिलिमीटर वाढतो, तर तेवढाच तांब्याचा पाइप सुमारे 7 मिलिमीटर. ही वाढ सामावून घ्यायला वळण किंवा मोकळी जागा ठेवली नाही आणि पाइप दोन्ही टोकांना करकचून आवळला, तर सगळा ताण एल्बोवर, म्हणजे वळणावरच्या जोडावर, येतो. क्लॅम्पने पाइपाचे वजन पेलावे पण त्याला सरकू द्यावे, हे तुमचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे.

पावसाळी, दमट हवेत थंड पाण्याच्या पाइपावर बाष्प जमून थेंब गळतात आणि घरात उगाच धावपळ होते. पाइप कोरडा पुसून जोडाभोवती टिपकागद गुंडाळावा. कागद फक्त जोडापाशी भिजला तर गळती, आणि पाइप सगळीकडे सारखाच घामेजला तर ते बाष्प. तसे असेल तर फोमचे वेष्टण पुरते.

ज्या भागांत कडाक्याची थंडी पडून पाणी गोठते, तेथील कामे तुम्ही थोडक्यात सांगितलीत, पण त्यांतील एक गोष्ट मला नवी होती. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के प्रसरण पावते हे माहीत होते. मात्र पाइप बहुधा बर्फाच्या जागी फुटत नाही. बर्फाचा बुच तयार होऊन वाढत जातो आणि तो व बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब चढत गेल्याने पाइप फुटतो. म्हणूनच अति थंडीच्या रात्री नळ बारीक धारेने सोडून ठेवतात, कारण त्यामुळे त्या दाबाला वाट मिळते. बाहेरच्या नळाची रबरी नळी थंडीपूर्वी काढून ठेवावी आणि गोठलेला पाइप ज्योतीने न तापवता, नळ उघडा ठेवून, नळाच्या बाजूने हळूहळू ऊब देत मोकळा करावा.

गीझरविषयी तुम्ही जे बजावलेत ते मी जसेच्या तसे येथे लिहितो, कारण ते केवळ गळतीपुरते नाही. सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून त्याला कधीही बूच मारू नये. 20 अंशांचे 100 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत तापले की सुमारे दीड लिटरने वाढते. गीझरकडे येणाऱ्या पाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारा) असेल आणि प्रसरणासाठी वेगळी जागा नसेल, तर ते वाढलेले पाणी त्या व्हॉल्व्हमधूनच बाहेर येणार. पाणी तापतानाच थोडे ठिबकणे वेगळे आणि दिवसभर ठिबकत राहणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात पुरवठ्याचा दाब तरी तपासावा किंवा व्हॉल्व्ह तरी बदलावा. टाकीतील अनोड दांडा स्वतः गंजून पोलादी टाकीला वाचवतो, तो झिजून संपला की गंज टाकीकडे वळतो. त्यामुळे तो ठरावीक काळाने उघडून पाहणे हे टाकी फुटल्यानंतरच्या कोणत्याही दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

बेसिनखालच्या जाळीदार कनेक्शन पाइपांबद्दल मात्र तुमचा स्वर चढला होता, आणि तो योग्यच होता. भिंतीतील पाइपांची सगळ्यांना चिंता असते. पण एका झटक्यात घरभर पाणी करणारा भाग बहुतेकदा हा हातभर लांबीचा पाइप असतो. आत रबर, बाहेर पोलादाची जाळी आणि दोन टोकांना नट, एवढीच त्याची रचना. जाळीवर गंजाचे ठिपके, फुगवटा, नटाजवळ तुटलेल्या तारा किंवा तीव्र पीळ दिसला की तो त्याच दिवशी बदलावा, आणि काही दिसले नाही तरी कपडे धुण्याच्या यंत्राचे पाइप साधारण पाच वर्षांनी बदलावेत. बेसिनखालच्या कपाटात क्लोरीनयुक्त सफाईद्रव्ये ठेवली तर त्यांच्या वाफेने ही जाळी गंजते, हे तुम्ही दाखवलेत त्याच दिवशी आमच्या बाटल्यांची जागा बदलली. जेथे सहसा कोणाची नजर जात नाही अशा या जागी, ओल लागताच वाजणारे छोटे अलार्म मी बसवले आहेत. तुम्हांला त्यांचे फारसे कौतुक नव्हते, पण माझ्या मते डोळ्यांनी तपासणे चालू ठेवून त्यांची जोड द्यायला हरकत नाही.

जोडकामातील बारकावे तुम्ही हातात वस्तू देऊन शिकवलेत. टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी, नाहीतर जोड आवळताना ती उलगडत जाते. आणि जेथे पाणी आट्यांनी नव्हे तर वायसरने अडते, तेथे टेपची गरजच नसते. प्लास्टिकचा आटा पान्याने अखेरपर्यंत पिळल्यास तो आतून चिरतो आणि गळती कित्येक दिवसांनी प्रकटते. पीव्हीसी आणि सीपीव्हीसी यांचे सॉल्व्हंट सिमेंट वेगवेगळे असते, आणि डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत पाणी सोडायचे नसते. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप थेट तांब्याला जोडला की लोखंड लवकर गंजते, म्हणून मध्ये वेगळ्या धातूंचा विद्युत संपर्क तोडणारा जोड बसवावा.

तुमच्या सांगण्याप्रमाणे बहुतेक कामे आता मार्गी लागली आहेत. मुख्य पाइपावरचा अडकलेला गेट व्हॉल्व्ह काढून पाव वळणाचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घेतला. तो वर्षातून दोनदा बंद-चालू करून पाहायचा, म्हणजे ऐन वेळी जाम होणार नाही, हे घरातील प्रत्येकाला दाखवले आहे. कोणता अँगल कॉक (नळाआधीचा भिंतीवरचा छोटा व्हॉल्व्ह) कशाचे पाणी बंद करतो, याच्या चिठ्ठ्या कपाटाच्या दारांवर आतून लावल्या आहेत. काही दिवसांसाठी घर बंद ठेवताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करतो. रात्रीचा दाब तुम्ही दिलेल्या मर्यादेत आहे. गरम पाण्याच्या लांब पाइपाला मात्र अजून मोकळे वळण नाही आणि गीझरचा दांडाही उघडून पाहायचा आहे. ही दोन्ही कामे थंडीपूर्वी तुमच्याच हातून व्हावीत अशी इच्छा आहे. तुमच्या सवडीचा दिवस कळवावा, आणि या वेळी तपासणीच्या फेरीचा मोबदला घेण्यास नकार देऊ नये, ही विनंती.

तुमचा कृतज्ञ,
एक घरमालक