पुलाला फट ठेवता, मग मजुराला का नाही?

माननीय कामगारमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी स्थापत्य अभियंता आहे, पूल बांधते. उन्हाने पूल किती वाढेल याचा हिशेब आम्हाला आधीच द्यावा लागतो. त्याशिवाय आराखडा मंजूर होत नाही. त्याच पुलावर भर उन्हात सळया बांधणाऱ्या माणसाचा हिशेब मात्र आजवर माझ्याकडे कोणी मागितलेला नाही.

तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर शंभर मीटरचा काँक्रीटचा पूल तीन सेंटिमीटरांच्या आसपास लांबतो. म्हणून सांध्यात फट ठेवतात. तिच्यात खडी-माती घट्ट बसली की पुलाला सरकायला जागा उरत नाही आणि कडांचे टवके उडू लागतात. (पोलाद आणि काँक्रीट जवळपास सारखेच प्रसरण पावतात हे आमचे नशीब, नाहीतर सळईनेच काँक्रीट आतून फोडले असते.) सलग जोडलेल्या रुळाला तर फटही नसते. बसवतानाच्या तापमानापेक्षा तो ४० अंशांनी जास्त तापला, तर मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात सुमारे ७५ टनांचा दाब साचतो. म्हणून रूळ फार तापले की गाड्यांचा वेग उतरवतात. त्याला कोणी रुळाचे लाड म्हणत नाही.

शरीराला एवढीही मुभा नाही. आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ते ४० च्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, की तो उष्माघात. कष्टाचे काम करताना शरीर स्वतःच उष्णता तयार करते आणि ती बाहेर टाकायला कडक उन्हात एकच वाट उरते, घाम. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला तर! हनुवटीवरून टपटप गळणारा घाम शरीराला काडीचाही गारवा देत नाही. नुसते पाणी आणि मीठ जाते.

इथेच आपले उष्णतेच्या लाटेचे इशारे फसतात. ते मुख्यतः सावलीतल्या कमाल तापमानावर निघतात. ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओले फडके गुंडाळलेला तापमापक (घाम वाळून किती गार होता येईल, हे तो सांगतो) सुमारे २३ दाखवतो. ३३ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत तोच ३१ च्या जवळ जातो. ३३ च्या आकड्यावर उष्णतेच्या लाटेचा इशारा सहसा निघत नाही, पण घाम वाळत नाही तो त्याच दिवशी.

यावर उपाय जुनाच आहे. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण छावण्यांत उष्माघात होऊ लागले, तेव्हा १९५० च्या दशकात एक निर्देशांक तयार झाला: ओल्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला २० आणि साध्या तापमानाला १०. हे मोजणारे यंत्र हातात मावते. प्रत्येक उघड्या कामावर ते सक्तीचे करा आणि कोणत्या आकड्याला किती विश्रांती, हे नियमात लिहा.

नव्या मजुराची गोष्ट वेगळी धरा. उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात; तेवढ्यात रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते. पहिल्या दिवशी २० टक्केच वेळ उन्हात काम आणि मग रोज २० टक्क्यांची वाढ, हा पाळता येण्याजोगा नियम आहे. आमच्याकडे मात्र नवा गडी पहिल्याच दिवशी सगळ्यात जड कामाला जुंपतात, आणि ‘अंगवळणी पडेल हळूहळू’ म्हणतात.

थंड पाण्याचा एक हौदही कामावर हवा. काम करताना उष्माघाताने कोसळलेल्या माणसाला आधी त्यात गळ्यापर्यंत बुडवून गार करायचे आणि मग दवाखान्यात हलवायचे. गाडीची वाट पाहण्यात गेलेला अर्धा तास मेंदूला परवडत नाही.

आणि विश्रांतीची मिनिटे हजेरीत धरा. मजुरी कापली जाणार असेल तर सावलीत कोणीही बसणार नाही. हे सगळे निविदेच्या अटींतच घाला. जे निविदेत नाही त्यावर कंत्राटदार एक पैसा खर्च करत नाही, हे मी इतक्या वर्षांच्या कामावरून खात्रीने सांगते.

आपली विश्वासू,
एक स्थापत्य अभियंता